समोरचा कसा बोलतो यावर आपला ताण किती लवकर उतरतो?

सायली_के
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मध्यंतरी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. सगळं नीट पार पडलं, आता घरी आहेत, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर करण्याइतके ठणठणीत आहेत. पण दवाखान्यात एक गोष्ट रोज बघत होते. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर यायचे. माणूस अतिशय हुशार, पण बोलणं एकदम तोडून, नजर फायलीत. 'रिपोर्ट नॉर्मल आहे. उद्या बघू.' वाक्यात वाईट काही नाही, उलट चांगलीच बातमी, तरी ते गेल्यावर बाबांच्या मॉनिटरवरचे ठोके बराच वेळ खाली येत नसत. दुपारी एक रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) मुलगी यायची, ती तोच रिपोर्ट सांगायची, पण कॉटच्या कडेला टेकून, सावकाश, शेवटचा शब्द खाली सोडत, 'काका, रिपोर्ट चांगला आलाय हं.' मी मुद्दाम मॉनिटरकडे बघायचे. आकडा उतरायचा.

तर ताण येणं टळत नाही हे मान्य, पण आलेला ताण उतरायला किती वेळ लागतो ते समोरच्याच्या आवाजावर ठरतं का? की हे माझ्याच मनाचे खेळ? आणि तसं असेल तर असा आवाज शिकून येतो का? कारण मी घाबरले की माझा आवाज चढतो. आई म्हणते, तुझा नुसता 'हॅलो' ऐकूनच धडकी भरते, बातमी काय ते नंतर.

कावळा_पुणेरी
आमच्या पेठेतल्या कुठल्याही दुकानात या. ताण किती वेगाने चढतो ते मोजता येईल, उतरायचं मात्र सांगता येत नाही.

मालवणी_मसालो
कावळोबा, हा विनोद आता पेन्शनीत गेला.

अटलांटिकपार
सायली, मनाचे खेळ नाहीत, यावर थेट प्रयोग झालेला आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर, सेथ पोलॅक वगैरे मंडळींनी २०१० साली केला. ७ ते १२ वर्षांच्या ६१ मुली घेतल्या, त्यांना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला लावलं आणि वर तोंडी गणितं घातली. म्हणजे चांगलाच घाम फोडला. मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, मिठीबिठी मारली, काहींना आईचा फक्त फोन आला आणि उरलेल्यांना पेंग्विनांचा सिनेमा लावून दिला. नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) मोजत राहिले. गंमत म्हणजे फोनवाल्या मुलींचा ताण जवळपास भेट झालेल्या मुलींसारखाच उतरला, ऑक्सिटोसिनही (मायेचं, जवळिकीचं हार्मोन) दोन्हीकडे वाढलं. सिनेमावाल्यांचं तसं झालं नाही.

२०१२ मध्ये त्यांनीच पुढचा प्रयोग केला, त्यात आई फक्त चॅटवर. टाइप केलेली माया! तर त्या मुलींचं कॉर्टिसॉल कोणाशीच न बोललेल्या मुलींइतकंच चढलेलं राहिलं.

मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. मी न्यू जर्सीत असते, आई रोज व्हॉट्सॅपवर गुलाबाचं फूल आणि सुविचार पाठवते, ते बघून मला काहीही होत नाही. पण ऑफिसात डोकं फिरलं की पार्किंगमध्ये गाडीत बसून तिला फोन लावते. तिकडे तिची रात्रीची आवराआवर चाललेली असते, भांडी वाजत असतात, आणि मधेमधे 'हं... हं... बरं मग...' एवढंच. ती नीट ऐकते की नाही याची मला शंकाच आहे. पण ते 'हं' पुरतं.

शंकासुर
प्रयोग चांगला आहे पण त्यातून जे निघत नाही ते काढू नका. तिथे आवाज आईचा होता. त्यात सूर किती आणि आई किती? अनोळखी बाईने तसाच सूर लावून फोन केला असता तर? यातून 'आईशी बोललं की मुलींचा ताण उतरतो' एवढंच निघतं, 'गोड आवाजाने ताण उतरतो' असं नाही.

आणि सायलीताई, मॉनिटरचं म्हणाल तर मोठे डॉक्टर म्हणजे निकाल सांगणारा माणूस. तो दारात दिसला की ठोके वाढणारच, मग तो गाऊन का सांगेना. दुपारी बाबा जेवून आडवे झालेले, बातमी सकाळीच कळलेली. ती मुलगी गप्प उभी राहिली असती तरी आकडा उतरला असता कदाचित.

नुसताच_वाचक
पहिल्यांदाच लिहितोय. आमच्या कंपनीत ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. म्हणजे सायलीताईंचं बरोबरच आहे ना?

शंकासुर
@नुसताच_वाचक, स्वागत आहे आणि माफ करा, पहिल्याच प्रतिसादाला आडवा येतोय. ते आकडे आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. तिथे लोकांना सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवले, चेहऱ्याचे फोटो दाखवले आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढंच ओळखायला सांगितलं. सगळ्या संवादाला हे लागू नाही हे मेहराबियन स्वतःच सांगत आले, पण ट्रेनिंगवाले ऐकतील तर शप्पथ. ९३ टक्के अर्थ शब्दांशिवाय कळत असता तर मी तमिळ बातम्या बघून पेपर बंद केला असता.

भूलतज्ज्ञ_बाई
धागा माझ्या पोटापाण्याचा आहे म्हणून जरा लांब लिहिते.

स्पायनल (कंबरेत द्यायचं भुलीचं इंजेक्शन) देताना पेशंटला टेबलावर बसवून पाठ पुढे वाकवायला सांगतो. मी त्याच्या पाठीमागे. त्याला माझा चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत, ऑपरेशन थिएटरात एसीचा गारठा, ट्रेमध्ये कायकाय खणखणतंय. त्या पाच-सात मिनिटांत त्याच्यासाठी मी म्हणजे फक्त मागून येणारा एक आवाज असते. त्यामुळे आवाजाने काय होतं हे मला रोज पाठीवर हात ठेवून कळतं, खांदे कानापाशी चढलेत की खाली आलेत यावरून.

शंकासुरांचा मुद्दा रास्त आहे, पण शब्द आणि सूर ही वेगवेगळी औषधं आहेत, दोन्ही चालतात. आपल्याकडे सगळेच 'मुंगी चावल्यासारखं वाटेल हं' म्हणतात ना? बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधून २०१० साली एक अभ्यास आला, बाळंतपणासाठी आलेल्या आणि कंबरेत इंजेक्शन घेणाऱ्या १४० बायकांचा. निम्म्यांना सांगितलं की मोठी मधमाशी चावल्यासारखं वाटेल, सगळ्यात त्रासाचा भाग हाच. बाकीच्यांना सांगितलं की जागा बधिर करतोय म्हणजे तुम्हाला त्रास होणार नाही. सुई तीच, औषध तेच. पहिल्या गटाने दुखण्याला १० पैकी ५ च्या आसपास गुण दिले, दुसऱ्याने ३. तेव्हापासून मी मुंगी सोडली.

आता सुराचं. नलिनी अंबाडी नावाच्या आपल्याच मुळाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, अमेरिकेत काम केलं. २००२ मध्ये त्यांनी सर्जन आणि पेशंटच्या बोलण्याचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले आणि आवाज असा गाळला की शब्द कळू नयेत, चढउतार तेवढे राहावेत. ऐकणाऱ्यांनी ज्यांचा सूर जास्त हुकमी आणि कमी काळजीचा ठरवला ते सर्जन आधी निष्काळजीपणाचे दावे झालेल्यांपैकी असण्याची शक्यता जास्त निघाली. ताण उतरण्याचं मोजमाप नाही हे, पण पेशंट शब्दांच्या खालचं ऐकतो एवढं त्यातून कळतं. आणि इथे कोणी कोणाची आई नव्हती :)

सायली, मॉनिटरवर तू बघितलंस ते आणि अटलांटिकपार सांगतायत ते, ही दोन वेगळी घड्याळं आहेत. ठोके सेकंदात वरखाली होतात. कॉर्टिसॉल सावकाश चढतं, धक्का बसल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी सगळ्यात वर असतं आणि मग उतरतं. म्हणून तोडून बोलून डॉक्टर निघून गेले तरी माणूस पुढचा बराच वेळ त्यातच असतो.

कावळा_पुणेरी
बाई, मुंगी सोडली तर आता काय म्हणता?

भूलतज्ज्ञ_बाई
'आता गार लागेल' (स्पिरिट), मग 'जागा बधिर करतेय, खांदे सैल सोडा'. खोटं बोलत नाही. दुखलं तर सांगा, मी थांबेन, हेही सांगते. आणि खरंच थांबते.

मालवणी_मसालो
सगळं ठीक आहे पण हळू आणि गोड बोललं की ताण उतरतो हे आमच्या घरात उलटं आहे. माझी आजी आयुष्यभर 'खंय होतंस रे मेल्या' अशाच पट्टीत बोलली. ती जर कधी मऊ आवाजात 'बाबू, बस हं जरा' म्हणाली तर समजायचं कोणीतरी गेलं. आम्हा भावंडांचा जीव 'मेल्या' ऐकला की भांड्यात पडायचा.

गोठेवाला
हे बरोबर हाय. आमच्या शिरोळकडं दोघं निवांत गप्पा मारत असले तरी पुण्याच्या पाव्हण्याला वाटतं भांडणं लागली. मोठा आवाज म्हंजे रागाचा आवाज नव्हं.

अटलांटिकपार
@गोठेवाला, त्यालाही आधार आहे. २०१५ मध्ये आर्नाल आणि पोपेल यांनी किंकाळ्यांचा अभ्यास केला होता. किंकाळी भीतीदायक वाटते ती नुसत्या मोठेपणाने किंवा उंच पट्टीने नाही, आवाज सेकंदाला ३० ते १५० वेळा खडखडतो त्याने. त्याला ते आवाजाचा खरखरीतपणा म्हणतात. मेंदूतला भीतीचा भाग त्यालाच जागा होतो. गाडीच्या अलार्ममध्येही तेच असतं. म्हणजे आजींची पट्टी वरची असली तरी त्यात खरखर नसणार.

मालवणी_मसालो
आजीच्या आवाजात खरखर होती. विडी ओढायची ती.

रातपाळी
मी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतो, कुठली ते विचारू नका. आम्हाला जे शिकवतात ते सांगतो. फोन करणारा किंचाळत असेल तर 'शांत व्हा' कधीच म्हणायचं नाही. ते ऐकून आजवर कोणी शांत झालेला नाही. एकच वाक्य धरायचं, तेच शब्द, तोच सूर, तोच वेग, आणि समोरचा ऐकेपर्यंत तेच म्हणत राहायचं. 'ताई, तुमचा पत्ता सांगा म्हणजे गाडी निघेल.' ती ओरडतेय. 'ताई, तुमचा पत्ता सांगा म्हणजे गाडी निघेल.' मधे शब्द बदलला की माणूस पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लागतो, आणि तुमचा आवाज चढला की त्याला कळतं की हाही घाबरला. चौथ्या-पाचव्यांदा बहुतेक वेळा श्वास ऐकू येतो. एक मोठा श्वास घेतात आणि पत्ता सांगतात. तो श्वास आला की मी टाइप करायला बोटं ठेवतो.

@शंकासुर, इथे मी कोणाचा कोणी नसतो, चेहरा नाही, काही नाही. तरी होतं. पण नुसत्या सुराने होत नाही हेही खरं, 'गाडी निघेल' हे शब्द त्यात असावेच लागतात. नुसतं हळू आवाजात 'हो का' म्हणत राहिलो तर लोक शिव्या घालतील आणि बरोबर घालतील.

घरी मात्र बायको म्हणते, तो फोनवरचा माणूस कधीतरी घरी पण घेऊन या.

शंकासुर
@रातपाळी, हा आजच्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. मान्य, अनोळखी आवाजानेही होतं. पण तुमच्या उदाहरणात मला गोडवा दिसत नाही, ठामपणा दिसतो. पुढे काय होणार हे ज्याला माहीत आहे असा आवाज. बाईंच्या 'आता गार लागेल'मध्येही तेच आहे. मग सूर मऊ असण्यापेक्षा तो हलत नाही हे जास्त महत्त्वाचं असेल का?

कुंदा_आजी
मी ७६ वर्षांची, हा धागा सुनेने दाखवला. मऊ आवाजाबद्दल मला बोलायचं आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात होते तेव्हा एक ब्रदर आणि दोन सिस्टर माझ्याशी असं बोलायचे, 'काय आज्जीऽऽ, आज आपण जेवलो का? शाब्बास! आता आपण सू करूया हं!' आवाज इतका गोड की दात किडावेत. मी शाळेत फिजिक्स शिकवायचे. माझं बीपी अशा प्रत्येक 'आपण' नंतर वाढत असणार, मोजायला कोणी नव्हतं म्हणून. एकदा तर मी गोळी मुद्दाम तोंडात धरून ठेवली, केवळ रागाने. साधं 'कुंदाताई, गोळी घ्या' म्हटलं असतं तर लगेच घेतली असती.

भूलतज्ज्ञ_बाई
आजी, गोळी धरून ठेवलीत हे वाचून हसले आणि मग वाईट वाटलं. तुम्ही एकट्या नाही. कॅन्ससमध्ये २००९ साली वृद्धाश्रमातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे व्हिडिओ तपासले होते. कर्मचारी बाळाशी बोलल्यासारखे बोलले की आंघोळ-कपडे-औषधाला विरोध होण्याची शक्यता साध्या बोलण्याच्या जवळपास दुप्पट होती. म्हणजे ज्यांना शब्द नीट लागत नाहीत त्यांनाही आपल्याला लहान समजतायत हे सुरातून कळतं. हे मी आमच्या नव्या मुलांना सांगते, पण 'आपण' काही जात नाही.

कावळा_पुणेरी
आजी, पुढच्या वेळी पेठेतला दवाखाना निवडा. तिथे कोणी गोड बोलत नाही.

कुंदा_आजी
मेल्या, मी सदाशिव पेठेतलीच आहे.

मालवणी_मसालो
बघा, 'मेल्या' ऐकून मला कसं बरं वाटलं!

गोठेवाला
एवढं सगळं माणसांचं झालं, आता आमचं ऐका. धार काढताना गाय घाबरली की पान्हा चोरती. सडाला हात लावला तरी थेंब येत न्हाई. नवा गडी आला, त्यानं बादली आपटली, हाड हाड केलं की त्या दिवशी दूध कमी. माझी आई तिच्या अंगाला हात लावून आधी बोलती. काय बोलती त्याला अर्थ न्हाई, 'हां बाई... उभी ऱ्हा... हां...' असं खालच्या आवाजात, आणि तोंडातल्या तोंडात तेच तेच. मग गाय कान सैल सोडती आणि रवंथ चालू करती. तोवर वासराला पण सोडायचं न्हाई म्हणती.

डॉक्टर (जनावरांचे) म्हणतात पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिननं, तुम्ही वर लिव्हलंय तेच, आणि गाय भेदरली की ते काम करत न्हाई. काही लोक सरळ इंजेक्शन टोचून मोकळे होतात. आईला ते पटत न्हाई. बाजारात घेतलेली गाय पहिले काही दिवस तिला पण दाद देत न्हाई, मग देती. म्हंजे शंकासुर भाऊ, ओळख बी लागती आणि सूर बी लागतो.

अटलांटिकपार
@गोठेवाला, व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठाने २०२० मध्ये हेच तपासलंय! कालवडींना कुरवाळताना एकदा माणूस थेट बोलला आणि एकदा त्याच माणसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावलं. दोन्ही आवडलं त्यांना, पण ठोक्यांवरून थेट बोलण्याने जास्त निवांत झाल्या असं दिसलं.

गोठेवाला
आई म्हणती हे सांगायला परदेशात कशाला जायला पायजे.

नुसताच_वाचक
मग लिफ्टमधल्या बाईचा आणि मॅपवाल्या बाईचा उपयोग नाही म्हणायचा? मला तर मॅपवाली आवडते. दहा वेळा चुकीचं वळलो तरी आवाज चढवत नाही.

कावळा_पुणेरी
बाजूच्या सीटवर बायको नसते तेव्हा लावत असाल.

सायली_के
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. शंकासुर, तुमच्या शंकेनंतर मी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, 'मोठे डॉक्टर आले की मी श्वास धरून बसायचो, आणि ते इतके पटकन जायचे की सोडायचा राहूनच जायचा.' आता हे तुमच्या बाजूचं की माझ्या, ठरवा तुम्हीच.

पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिलाय. घाबरल्यावर आवाज चढतो तो खाली कसा आणायचा? रातपाळी, तुम्ही शिकलात म्हणता, पण कसं? नुसतं हळू बोलायचा प्रयत्न केला तर माझा आवाज थरथरतो आणि आई अजूनच घाबरते.

भूलतज्ज्ञ_बाई
हळू बोलू नकोस, सावकाश बोल. फरक आहे. कुजबुजल्यासारखं बोललं की पेशंटला वाटतं काहीतरी लपवतायत. भीतीने गळ्याचे स्नायू आवळले जातात म्हणून पट्टी चढते, ती गळ्याशी झटापट करून उतरत नाही. आधी श्वास पूर्ण बाहेर सोड. सोडताना ठोके आपसूक थोडे मंदावतात. मग नवा श्वास आत आला की बोल. वाक्य छोटं कर आणि शेवटचा शब्द खाली ठेव, तुझ्या रेसिडेंट मुलीसारखा. 'बाबा ठीक आहेत.' पूर्णविराम. 'बाबा ठीक आहेत नाऽऽ म्हणजे तसं काही नाही पण...' असं नको.

आणि फोनवर पहिलं वाक्य बातमीचंच असू दे. 'हॅलो' आणि बातमी यांच्यामध्ये जी जागा राहते ना, तिथे तुझी आई पार यमलोकापर्यंत जाऊन येते.

रातपाळी
बाईंना अनुमोदन. आणि एक वाक्य आधीच ठरवून ठेवायचं. ऐन वेळी शब्द शोधायला गेलं की आवाज जातो. आम्ही रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणून सराव करतो, सुरुवातीला वेड्यासारखं वाटतं.

अटलांटिकपार
शिवाय आपला आवाज आपल्याही कानावर पडतोच. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये लोकांना हेडफोन लावून मोठ्याने वाचायला लावलं आणि त्यांचाच आवाज त्यांना न सांगता थोडा आनंदी किंवा दुःखी करून ऐकवला. बहुतेकांना फसवणूक कळलीच नाही, पण मूड त्या दिशेने सरकला. त्यामुळे आईसाठी सावकाश बोललीस तर तुझाही फायदा होईल बहुतेक.

शंकासुर
'बहुतेक' हा शब्द वापरल्याबद्दल आभार.

सायली_के
आज करून बघितलं. श्वास सोडला, मग फोन लावला, 'आई, बाबांची तपासणी चांगली झाली, आम्ही निघालोय.' सावकाश, शेवटी खाली. पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग, 'काय गं, तुला बरं नाहीये का?'

रातपाळी
तेच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. तोच सूर, तोच वेग.

कुंदा_आजी
सायली, आईला सवय होईल, चालू ठेव. आणि बाबांच्या मिठाचं काय करतेस? आमच्या ह्यांना मी भाजीत मिठाऐवजी लिंबू आणि जिरेपूड वाढवून दिली होती, पहिले काही दिवस तोंड वाकडं केलं. पथ्याच्या पाककृतींचा वेगळा धागा काढ, लिहिते.